टाकी घेतो लिटरमध्ये, पेलावी लागते टनांत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

राष्ट्रीय महामार्गावरच्या पुलाचे आरेखन करताना अभियंत्याला एक हिशेब टाळता येत नाही. रस्ते-पुलांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या संहितेत '७०-आर' नावाचा भार दिलेला आहे. त्याच्या एका प्रकारात लोखंडी पट्ट्यांवर चालणारे ७० टनांचे वाहन पुलावर आले आहे असे धरावे लागते. त्याचा प्रत्येक पट्टा ४.५७ मीटर लांब आणि ०.८४ मीटर रुंद. म्हणजे जवळजवळ रणगाडाच. गोव्यातल्या मांडवी-जुवारी नद्यांच्या पुलांवरून रणगाडा कधी जाईल न जाईल, पुलाने त्याची तयारी ठेवलेली असते. घरातल्या टाक्यांच्या बाबतीत मात्र ही तयारी सहसा कोणी ठेवत नाही, म्हणून पावसाळ्यापूर्वी हे पत्र.

रणगाड्यांचे वर्ग मुळात वजनावरून पडले. हलका, मध्यम आणि जड असे तीन होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यम आणि जड यांचे काम एकाच मुख्य लढाऊ रणगाड्याकडे आले. आपल्या सैन्यातला टी-९० सुमारे ४६ टनांचा, अर्जुनची नवी आवृत्ती ६८ टनांची, तर लडाखसारख्या उंच प्रदेशासाठी तयार होणारा झोरावर २५ टनांचा आहे. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत रणगाडे पहिल्यांदा उतरले, तेव्हा एकेकाचे वजन २८ टनांच्या आसपास होते. त्यांतले बरेचसे तोफेने नव्हे, चिखलात रुतून किंवा यंत्र बिघडून थांबले. गोव्याच्या इतिहासातही रणगाडे अडण्याचा प्रसंग आला होता. १८ डिसेंबर १९६१ रोजी उत्तरेकडून आलेले रणगाडे संध्याकाळी बेतीला पोचले, समोर पणजी दिसत होती, पण मांडवीवर तेव्हा पूलच नव्हता. नदी ओलांडून शहरात शिरले ते पायदळ, दुसऱ्या दिवशी सकाळी.

वजन एकूण किती आणि ते किती जागेवर टेकते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वर सांगितलेल्या ७० टनांच्या वाहनाचे दोन पट्टे मिळून ७.६८ चौरस मीटर जागा व्यापतात. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ९ टन, किंवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ०.९ किलो. भरलेल्या ट्रकच्या टायरमध्ये हवा चौरस सेंटिमीटरला ७ ते ८ किलो दाबाची असते आणि टायर जमिनीवर जवळपास तेवढाच दाब देतो. म्हणून उन्हाळ्यात दारात येणाऱ्या पाण्याच्या टँकरचे चाक रणगाड्याच्या पट्ट्याहून कितीतरी जोरात जमीन दाबते. अंगणातल्या संपवर, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीवर, किंवा सेप्टिक टाकीच्या झाकणावर टँकर चढवायचा नसतो तो याचसाठी. ती झाकणे साधारण चार इंची असतात, माणसे चालतील एवढ्याच हिशेबाने घातलेली. टँकर रस्त्यावर ठेवून पाइप आत आणावा. गाडी आतच घ्यायची असेल, तर झाकणाचा स्लॅब वाहनाचा भार धरून आधीच वेगळा घालून घ्यावा लागतो.

आता गच्चीवरची टाकी. पाण्याचा हिशेब फार सोपा आहे. पाण्याची उंची जितके मीटर, तितके टन प्रत्येक चौरस मीटरवर. हजार लिटरची प्लास्टिकची उभी टाकी साधारण १.१ मीटर व्यासाची असते, तळाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटरहून थोडे कमी, म्हणजे भार चौरस मीटरला एक टनाहून थोडा जास्त. वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे १५० किलो आणि राहत्या खोलीचा २०० किलो चल भार (माणसे-सामानाचा बदलता भार) धरून आखतात. टाकी त्याच्या सहा-सात पट भार एका कोपऱ्यात ठेवते. स्लॅब लगेच कोसळत नाही, कारण आसपासचा रिकामा भाग थोडा भार वाटून घेतो. पण तो बाक घेतो, खालच्या बाजूला केसासारख्या भेगा पडतात, त्यांतून पावसाचे पाणी सळईपर्यंत जाते. समुद्रावरून येणाऱ्या खारट हवेत ती सळई लवकर फुगते आणि छताचे पोपडे पडू लागतात. लोक मग वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात. दुखणे गळतीचे नसते, टाकीच्या जागेचे असते.

टाकी खांबाच्या माथ्यावर किंवा दोन तुळया मिळतात तिथे ठेवावी. तशी जागा नसेल तर दोन भिंतींवर टेकणाऱ्या तुळया टाकून त्यांवर ओटा करावा. स्लॅबच्या मधोमध, बाल्कनीवर किंवा पुढे आलेल्या सज्जावर टाकी कधीच नको. चिऱ्याच्या जुन्या, मातीच्या सांध्यांच्या आणि मंगळुरी कौलांच्या घरात टाकीसाठी घराबाहेर स्वतंत्र चौथरा किंवा मनोरा बांधणेच योग्य. लोखंडी स्टँड असेल तर तो जस्ताचा मुलामा दिलेला घ्यावा आणि दर वर्षी पायाजवळची पट्टी व बोल्ट हातोडीने ठोकून पाहावेत. गंज वरून दिसतो त्यापेक्षा पट्टीखाली साचलेल्या पाण्यात जास्त लागतो.

प्लास्टिकच्या टाकीचा तळ पूर्ण सपाट ओट्यावर बसला पाहिजे. दोन ओळी चिरे मांडून त्यांवर टाकी ठेवलेली आपल्याकडे सर्रास दिसते. प्लास्टिक सततच्या भाराखाली हळूहळू ताणत जाते. तळ दोन चिऱ्यांमध्ये खाली झुकतो आणि काही वर्षांनी नेमका बाहेर जाणाऱ्या पाइपच्या भोकाजवळ फाटतो. त्याच भोकावर पाइपचे वजन लटकत असेल तर त्याहून लवकर. पाइपला टाकीजवळच क्लँप मारावा, म्हणजे भार भिंतीवर जातो. पाणी बाहेर नेणारा पाइप तळापासून ५ ते ७ सेंटिमीटर वर ठेवावा, गाळ खाली राहतो. तळाला धुण्यासाठी वेगळी तोटी हवी. ओव्हरफ्लोचा पाइप भरणाऱ्या पाइपहून मोठा असावा. भरणारा २५ मिलिमीटरचा तर ओव्हरफ्लो ४० चा, आणि त्याच्या तोंडाला बारीक जाळी. झाकण घट्ट बसत नसेल तर डेंग्यूचा डास आत अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात.

नळाला जोर नाही म्हणून स्टँड उंच करण्याची घाई नको. एक मीटर उंची वाढवली की दाब चौरस सेंटिमीटरला फक्त ०.१ किलोने वाढतो, भार मात्र वाऱ्याच्या झोतात तेवढाच वर जातो. बहुतेक वेळा दोष अरुंद पाइपचा किंवा पाइपात अडकलेल्या हवेचा असतो. टाकीतून निघणारा पाइप ३२ किंवा ४० मिलिमीटरचा ठेवावा आणि मुख्य व्हॉल्व्हच्या पुढे एक हवेचा पाइप टाकीच्या माथ्याहून वर न्यावा. पाणी सुरू झाले की हवा त्यातून निघून जाते.

धुण्याची रीत अशी. टाकी रिकामी करून आतून नायलॉनच्या ब्रशने घासावी, साबण वापरू नये. मग पाणी भरून हजार लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर या प्रमाणात द्रावण घालावे. पावडर आधी बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचे नितळ पाणीच टाकीत ओतावे. प्रत्येक नळ वास येईपर्यंत उघडून बंद करावा, म्हणजे पाइपही निर्जंतुक होतात. रात्रभर ठेवून सकाळी सगळे काढून टाकावे. ते पाणी पिऊ नये, विहिरीजवळ सोडू नये आणि सेप्टिक टाकीत तर अजिबात सोडू नये. तिथले जिवाणू मेले की टाकीचे काम थांबते. रोजच्या पाण्याला मात्र हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर पुरते. दोन मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे ९,४०० लिटर होते, त्याला २४ ग्रॅम. पावडर घातल्यावर किमान अर्धा-एक तास पाणी उपसू नये. आपल्या दमट हवेत उघडी पिशवी काही आठवड्यांत निकामी होते, म्हणून लहान बंद पाकिटेच घ्यावीत.

जमिनीखालच्या संपबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण याची कल्पना फारच थोड्यांना असते. भरलेली टाकी जमिनीत सुरक्षित असते, रिकामी नसते. आतून दोन-दोन मीटर लांब, रुंद आणि खोल असा संप घ्या. भिंती आणि तळ १५ सेंटिमीटर, वरचा स्लॅब १२. बाहेरून त्याचे घनफळ सुमारे १२ घनमीटर होते. आतले ८ वजा केले की काँक्रीट राहते ४ घनमीटर, म्हणजे वजन १० टन. जुलै-ऑगस्टमध्ये भूजल अंगणाच्या पातळीला आले, तर ते या संपाला १२ टनांनी वर ढकलते. दहा टनांचा रिकामा संप बारा टनांना कसा पुरणार? तो उचलला जातो किंवा तळाला तडा जातो, पाइप सांध्यात तुटतात, आणि पुढे पाऊस संपला तरी त्या तड्यातून बाहेरचे पाणी आत झिरपत राहते. दिवाडी-चोडणसारखी बेटे, खाजनाकाठची (खाडीलगतच्या, बांधाआडच्या सखल जमिनीकाठची) घरे आणि भातशेतीला लागून पडलेले नवे प्लॉट इथे हा धोका खरा आहे. पठारावर भूजल खोल असते, तिथे तो फारसा नाही. आपल्या जागी काय आहे हे पाहायला यंत्र लागत नाही. भर पावसात जवळच्या विहिरीत डोकवावे. पाणी काठापासून एक मीटरच्या आत आले असेल तर संप पावसाळ्यात रिकामा करू नये, अर्ध्याहून अधिक भरलेला ठेवावा. धुणे एप्रिल-मेमध्ये उरकावे.

नवा संप बांधताना तळाचा स्लॅब चारही बाजूंना ३० सेंटिमीटर बाहेर काढला, तर वरची माती त्यावर बसून संपाला धरून ठेवते. खर्च थोडासाच वाढतो. जमिनीत पुरलेल्या प्लास्टिकच्या टाकीचे स्वतःचे वजन तर नगण्यच. पाच हजार लिटरची रिकामी टाकी भूजलात बुडाली की पाण्याचा उचल भार पाच टन. तिला खाली काँक्रीटचा ओटा आणि त्याला बांधलेले पट्टे लागतातच. संपाचे तोंड अंगणापासून १५ ते २० सेंटिमीटर उंच असावे, नाहीतर पहिल्याच मोठ्या सरीला अंगणातला गाळ आत उतरतो.

लहान प्लॉटवर जागा वाचवण्यासाठी संप आणि सेप्टिक टाकी एकमेकांना चिकटून बांधतात, काही ठिकाणी मधली भिंत एकच असते. याहून घातक बांधकाम घरात दुसरे नसेल. संप रिकामा होतो तेव्हा पाण्याची पातळी सेप्टिकमध्ये उंच आणि संपात खाली असते, मग भिंतीतल्या केसाएवढ्या भेगेतूनही प्रवाह पिण्याच्या पाण्याकडेच जातो. दोन्ही प्लॉटच्या वेगवेगळ्या टोकांना ठेवावेत, आणि उतार असेल तर संप वरच्या बाजूला.

सेप्टिक टाकीचे भारतीय मानक आय. एस. २४७० आहे. पाच माणसांच्या घराला आतून १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर एवढी टाकी चालते. पाण्याच्या वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा हवी. आत येणाऱ्या पाइपापेक्षा बाहेर जाणारा ५ सेंटिमीटर खाली असावा आणि दोन्हींना टी आकाराचा जोड लावून त्यांची तोंडे पाण्याखाली न्यावीत, म्हणजे वर तरंगणारी साय बाहेर पडत नाही. मोठ्या टाकीला दोन-तृतीयांश लांबीवर आडभिंत घालतात. चिऱ्याच्या भिंतींना आतून १:३ (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) गिलावा अत्यावश्यक, आणि तळाला काँक्रीट. तळ उघडा ठेवलेल्या चिऱ्याच्या खड्ड्याला कंत्राटदार सेप्टिक म्हणत असेल, तर तो घरमालकाला फसवतो आहे. तिथे मैला काहीही न गाळता सरळ जमिनीत जातो.

चांगली सेप्टिक टाकीसुद्धा पाणी शुद्ध करत नाही. जड भाग खाली बसतो, थोडा कुजून कमी होतो, एवढेच तिचे काम. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतात आणि त्यांना अडवण्याचे काम शोषखड्ड्याभोवतीच्या, म्हणजे ते पाणी जिथे जमिनीत मुरते त्या खड्ड्याभोवतीच्या, मातीने करायचे असते. गोव्यात अडचण इथेच येते. आपला जांभा दगड सच्छिद्र, त्यात बोटे जातील अशा पोकळ्या आणि वाहिन्या. मातीच्या कणांतून दिवसाला काही सेंटिमीटर सरकणारे पाणी जांभ्याच्या पोकळीतून काही तासांत विहिरीत पोचू शकते. मानक सांगते की शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर दूर असावा. शिवाय त्याचा तळ भूजलापासून किमान २ मीटर वर ठेवावा. जांभ्यात १८ मीटर हे कमीत कमी समजावे, पुरेसे नव्हे. खड्डा खोदताना पोकळी लागली, तर ती तशीच सोडून वर चिरे रचू नयेत. पोकळी बुजवावी, खड्डा उथळ आणि रुंद करावा, तळाला आणि कडेला जाडसर वाळूचा थर द्यावा. वाळूतून पाणी सावकाश जाते आणि तिथे जंतू अडकतात.

आपल्याकडे विहीरच नाही, म्हणून काळजीही नाही, असे पठारावरच्या घरांनी समजू नये. पठारावर मुरलेले पाणी पायथ्याच्या झरींतून बाहेर येते आणि तिथे कोणीतरी ते पिते. पायथ्याच्या विहिरींचे पाणी जून-जुलैत आणि पुन्हा एप्रिलमध्ये तपासून घ्यावे. पावसात नमुना बिघडतो आणि उन्हाळ्यात सुधारतो, असे दिसले तर जवळचा शोषखड्डा भूजलात बुडतो आहे असा अंदाज करायला हरकत नाही.

टाकी कधी उपसायची? गाळ आणि साय मिळून अर्धी खोली भरली की. एका लांब काठीच्या खालच्या मीटरभर भागाला पांढरे कापड गुंडाळून ती तळापर्यंत उभी सोडावी, दोन-तीन मिनिटांनी काढावी. कापडावरचा काळा पट्टा म्हणजे गाळाची उंची. सर्वसाधारण घराला दोन-तीन वर्षांनी उपसा लागतो. न उपसता वीस वर्षे चालली म्हणून कौतुक सांगणाऱ्यांची टाकी चाललेली नसते, गाळ शोषखड्ड्यात जाऊन तोही बंद होत आलेला असतो. उपसताना थोडा जुना गाळ तळाला राहू द्यावा आणि लगेच टाकी पाण्याने भरावी. रिकामी सेप्टिकही संपासारखीच उचलली जाऊ शकते. उपसलेला मैला कुठे जातो हे टँकरवाल्याला विचारावे. पणजीला टोंक आणि मडगावला शिरवोडे येथे प्रक्रिया केंद्रे आहेत. ओहोळ किंवा खाजन ही त्याची जागा नव्हे.

या कामात माणूस टाकीत उतरता कामा नये. कुजण्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, तो हवेहून जड असल्याने तळाशी साचतो. सडक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेले की नाकच बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटते. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्यास बंदी आहे आणि ती घरमालकालाही लागू होते. अशा मृत्यूंत कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे. उपसा यंत्रानेच, बाहेर उभे राहून करायचा.

नवा कोरा संपही तितकाच फसवा असतो. झाकण बंद ठेवून आत लाकडी शटरिंग आठवडेच्या आठवडे राहिले, तर ओले लाकूड कुजताना आतला प्राणवायू संपवते. शटरिंग काढायला उतरलेला कामगार वास न येताच बेशुद्ध पडतो. झाकणे एक दिवस आधी उघडावीत, पंख्याने किंवा ब्लोअरने ताजी हवा तळापर्यंत सोडावी, वायुमापक यंत्राने प्राणवायू तपासावा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसे हवीत. जळती मेणबत्ती सोडून पाहण्याची जुनी पद्धत वापरू नये. मिथेन असेल तर स्फोट होतो, आणि विषारी वायू मेणबत्तीला कळतही नाही.

पंचायती, पालिका आणि आरोग्य खात्याला आमची विनंती एवढीच. घराच्या नकाशावर सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा दाखवलेले असतात, पण शेजाऱ्याची विहीर बहुतेक नकाशांत नसते, कारण ती हद्दीबाहेर असते. प्लॉटच्या हद्दीपासून ३० मीटरपर्यंतच्या सगळ्या विहिरी आणि झरी नकाशावर दाखवणे सक्तीचे करावे. गच्चीवरच्या टाकीची जागा आणि क्षमता संरचना अभियंत्याच्या सहीने नोंदवावी. शोषखड्डा झाकण्याआधी, उघडा असतानाच एकदा पाहणी व्हावी, कारण भोगवटा दाखल्याच्या वेळी वर फरशी बसलेली असते आणि खाली काय आहे हे पाहणे कोणालाच शक्य नसते.

कळावे,

आपले,
बांधकाम व पाणीपुरवठा क्षेत्रात काम करणारे काही अभियंते
फोंडा, गोवा